पोकरमध्ये कोणता हात रेझ करायचा? आधी आपली खुर्ची बघा

पोकरच्या होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). फ्लॉप, टर्न, रिव्हरचे निर्णय काही डावांत येतात, काही डावांत येतच नाहीत. पण दोन पानं उचलून बघितल्यावरचा निर्णय प्रत्येक डावात घ्यावा लागतो. तरी त्याचाच अभ्यास सगळ्यात कमी होतो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये शनिवारी रात्री मित्रांची जी टेबलं बसतात, तिथले बहुतेक जण तीन पत्तीतून पोकरकडे आलेले असतात. दिवाळीत, गणपतीच्या जागरणात हात बसलेला असतो, आणि त्याबरोबर 'एक चाल खेळून तर बघू' ही सवयही आलेली असते. होल्डेममध्ये या सवयीला लिम्प म्हणतात: रेझ न करता, म्हणजे बोली न वाढवता, बिग ब्लाइंडइतक्या चिप्स टाकून आत शिरणं. (पानं बघायच्या आधीच दोन खेळाडूंना सक्तीने चिप्स टाकाव्या लागतात: मोठी बोली बिग ब्लाइंड, तिच्या निम्मी स्मॉल ब्लाइंड.) लिम्पची ही सवय मोडण्यासाठीच हा लेख आहे. तुमच्या आधी सगळ्यांनी पानं टाकली असतील तर दोनच पर्याय ठेवा, रेझ किंवा फोल्ड (पानं टाकून डाव सोडणं). मग प्रश्न उरतो तो एवढाच की कोणत्या हातावर रेझ.

त्याआधी एक सांगणं आवश्यक आहे. आम्ही बिनपैशाच्या चिप्सवर खेळतो, आणि हा लेखही तेवढ्याचसाठी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा तर आधीपासूनच आहे. प्रत्येकाला 100 बिग ब्लाइंड भरतील एवढ्या चिप्स वाटायच्या आणि रात्री उठताना सगळ्या डब्यात परत टाकायच्या. खेळाची गोडी त्याने जराही कमी होत नाही. उलट हरायची भीती नसल्यामुळे शिस्त शिकायला हीच उत्तम जागा आहे.

पहिली पायरी: हात मोजायला शिका

52 पानांतून दोन पानं 1326 प्रकारे येऊ शकतात. इस्पिक-बदामचा फरक बाजूला ठेवला तर वेगळे हात उरतात 169: 13 जोड्या, 78 एकरंगी आणि 78 दुरंगी. एकरंगी म्हणजे टेबलावर ज्याला सूटेड म्हणतात ते, दोन्ही पानं बदामाची किंवा दोन्ही किलवरची. पाठ करायचे आकडे तीनच. एखादी जोडी 6 प्रकारे येते, एकरंगी हात 4 प्रकारे आणि दुरंगी हात 12 प्रकारे.

या तीन आकड्यांनी काय कळतं ते एका उदाहरणावर बघा. 'मी फार काही खेळत नाही, एक्का असला तरच आत जातो,' असं म्हणणारा खेळाडू प्रत्येक टेबलावर असतो. त्याचा हिशेब करू. एक्क्यांची जोडी 6, एकरंगी एक्के 48, दुरंगी एक्के 144. एकूण 198, म्हणजे 1326 पैकी जवळपास 15 टक्के. एवढ्यावर थांबलं तर हा माणूस शिस्तीचा वाटेल. पण त्या 198 पैकी 96 हात हे एक्का-नव्वीपासून एक्का-दुर्रीपर्यंतचे दुरंगी हात आहेत. म्हणजे त्याच्या 'चांगल्या' हातांतला निम्मा भाग असा आहे, जो पहिल्या जागेवरून टाकून द्यायला हवा. आणि तोच माणूस बदामचा राजा-राणी एक्का नाही म्हणून टाकतो.

दुरंगी हात एकरंगीच्या तिप्पट वेळा येतात. त्यामुळे यादीत एक दुरंगी हात वाढवणं म्हणजे तीन एकरंगी हात वाढवण्यासारखं आहे. आपण ढिले कुठे होतो ते बहुधा इथेच सापडतं.

दुसरी पायरी: खुर्ची

सहा जणांच्या टेबलावर बोलण्याचा क्रम असा: बिग ब्लाइंडच्या डावीकडचा अंडर द गन, मग हायजॅक, कटऑफ, बटन (पानं वाटणाऱ्याची जागा), स्मॉल ब्लाइंड आणि शेवटी बिग ब्लाइंड. फ्लॉपनंतर मात्र ब्लाइंडवाल्यांना आधी बोलावं लागतं आणि बटनवाला सगळ्यात शेवटी बोलतो. दादोजी कोंडदेव स्टेडियमवर दुसऱ्यांदा फलंदाजी करणाऱ्या संघाला किती धावा हव्यात ते माहीत असतं, तसं बटनवाल्याला बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवता येतं. फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही वेळा. तोच हात बटनवरून जास्त चिप्स मिळवतो आणि कमी घालवतो, त्याचं कारण हे आहे.

दुसरं कारण शुद्ध मोजणीचं. एक्क्यांची, राजांची किंवा राण्यांची जोडी आणि एक्का-राजा, एवढे मोठे हात धरा. जोड्यांचे 18 आणि एक्का-राजाचे 16 मिळून 34 प्रकार. एका खेळाडूकडे यातलं काही असण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या जराशी वर. पण तुमच्या मागे आठ जण बोलायचे बाकी असतील, म्हणजे नऊ जणांच्या टेबलावर तुम्ही पहिले असाल, तर त्यांच्यापैकी निदान एकाकडे असा हात असण्याची शक्यता 19 टक्क्यांच्या आसपास जाते. मागे पाच असतील तर 12 टक्के. बटनवर बसलात आणि मागे फक्त दोन ब्लाइंड उरले तर 5 टक्के. पानं तीच, पण धोका जवळपास चौपट बदलला.

म्हणून 'एक्का-दश्शी रेझ करू का?' असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, तू बसलायस कुठे?

तिसरी पायरी: रेझ नेमकं काय कमावतं

लिम्प करून डाव जिंकायचा तर शेवटी पानंच चांगली लागतात. रेझने दोन वाटा उघडतात. सगळ्यांनी पानं टाकली तर ब्लाइंड तिथल्या तिथे तुमचे, आणि कोणी कॉल केला (तेवढ्याच चिप्स टाकून आत आला) तर चांगला हात घेऊन मोठ्या पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्समध्ये, तुम्ही पुढे.

पहिल्या वाटेचा हिशेब सोपा आहे. पॉटमध्ये दीड बिग ब्लाइंड आहेत आणि तुम्ही अडीच टाकता. हातात अगदी कचरा असला तरी बरोबरीत सुटायला सगळ्यांनी मिळून 62.5 टक्के वेळा पानं टाकली पाहिजेत. बटनवरून हे दोघांकडून हवंय, म्हणजे प्रत्येकाने साधारण 79 टक्के वेळा फोल्ड करावं लागेल. अंडर द गनवरून पाच जणांकडून हवंय, म्हणजे प्रत्येकाने 91 टक्के वेळा. मित्रांच्या टेबलावर एवढा फोल्ड कोणी करत नाही. म्हणून पुढच्या जागांवरून रेझ करताना कॉल येणार हे गृहीत धरा आणि कॉल आल्यावरही पाय रोवून उभा राहील असाच हात निवडा.

चौथी पायरी: हातांची कुळं

मोठ्या जोड्यांवर, दश्शीपासून वर, फार बोलायची गरज नाही. कुठूनही रेझ. एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते. ती आली की 'सगळ्यांना आत येऊ दे' म्हणून लपवून ठेवणारे आहेत. एका अनोळखी हातासमोर ती 85 टक्के वेळा जिंकते, चार जणांसमोर 56 टक्के आणि आठ जणांसमोर जेमतेम 35 टक्के. माणसं कमी करायला रेझ लागतो, तो याच्यासाठी.

लहान जोड्यांचं गणित वेगळं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची जोडी फ्लॉपवर तिसरं पान मिळालं तरच खरी बळकट होते, आणि ते 11.8 टक्के वेळा मिळतं, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. उरलेल्या वेळी समोर वरची पानं पडतात आणि जोडी धरून बसणं महाग जातं. मागच्या जागांवरून या जोड्या छान, पहिल्या जागेवरून फक्त छक्कीपासून वर.

आता एक्के. सगळ्यात जास्त चिप्स इथे जातात. एक्का-नव्वी हातात असेल आणि समोर एक्का-राजा असेल तर तुम्ही 100 पैकी 25-26 वेळाच वाचता. एक्का पडला की दोघांनाही जोडी मिळते आणि दुसऱ्या पानाने तुम्ही हरता; पॉटही मोठा होतो, कारण तुम्हाला आपला हात चांगला वाटत असतो. याला डॉमिनेशन म्हणतात. त्याच एक्का-राजासमोर एकरंगी गुलाम-दश्शी 100 पैकी 40 च्या आसपास जिंकते, कारण तिची दोन्ही पानं मोकळी आहेत. दिसायला गुलाम-दश्शी लहान, पण कॉल आल्यावर ती बळकट राहते. हा एक मुद्दा नीट पचला तर हात निवडण्याची अर्धी समज आली.

एकरंगीपणाचं कौतुक मात्र बेतानेच. फक्त रंग जुळला म्हणून हाताची जिंकण्याची शक्यता साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. फ्लॉपवरच पूर्ण फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) 0.84 टक्के वेळा येतो, आणि रिव्हरपर्यंत सगळी पानं बघितली तरी 6.4 टक्के. फ्लॉपवर फ्लश ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी) मिळण्याची शक्यता 11 टक्के, आणि एकरंगी हाताची खरी कमाई तिथे आहे. राजा-तिर्री एकरंगी आहे म्हणून पहिल्या जागेवरून रेझ करू नका. गुलाम-दश्शी एकरंगी असेल तर करा, कारण तिथे रंगाबरोबर सरळ क्रमही मिळायची आशा आहे.

एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी हे जोडी नसलेले मोठे हात फ्लॉपवर निदान एक जोडी साधारण 32 टक्के वेळा बनवतात. तीनातल्या दोन वेळा काहीच लागत नाही, हे आधीच मान्य करून रेझ करा. तेव्हा फ्लॉप चुकला म्हणून चिडायला होत नाही.

पाचवी पायरी: जागेप्रमाणे यादी

सहा जणांचं टेबल, प्रत्येकाकडे 100 ब्लाइंडच्या आसपास चिप्स आणि तुमच्या आधी कोणी आत आलेलं नाही, असं धरून ही यादी आहे.

अंडर द गनवरून: छक्कीपासून वरच्या सगळ्या जोड्या. एकरंगीत एक्का-दश्शीपासून वर, एक्का-पंजी, एक्का-चौकी, राजा-दश्शीपासून वर, राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी. दुरंगीत फक्त एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि राजा-राणी. मोजले तर 154 प्रकार होतात, 11.6 टक्के. म्हणजे या खुर्चीवरून 100 डावांत 88 वेळा पानं टाकायची. नव्या माणसाला हे अतिशय जड जातं, पण टेबलावरचा सगळ्यात मोठा फायदाही इथूनच येतो.

हायजॅकवरून त्यात पंजी आणि चौकीच्या जोड्या, उरलेले सगळे एकरंगी एक्के, एकरंगी राजा-नव्वी आणि नव्वी-अठ्ठी, दुरंगी एक्का-दश्शी आणि राजा-गुलाम वाढवा. 222 प्रकार, 16.7 टक्के.

कटऑफवरून हायजॅकच्या यादीत उरलेल्या सगळ्या जोड्या वाढवा. एकरंगीत राजा-छक्कीपर्यंत, राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-अठ्ठी आणि सलग लहान हात: अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की, छक्की-पंजी. दुरंगीत एक्का-नव्वी, एक्का-अठ्ठी, राजा-दश्शी, राणी-गुलाम. एकूण 318, म्हणजे बरोबर चौथ्या हिश्श्याच्या जरा खाली, 24 टक्के.

बटनवरून दार उघडतं. कटऑफच्या यादीत वाढवा सगळे एक्के, सगळे एकरंगी राजे, राणी-पंजीपर्यंत एकरंगी राण्या, एक पान सोडून येणारे एकरंगी हात, दुरंगीत राजा-अठ्ठीपर्यंत, राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी, नव्वी-अठ्ठी. 540 च्या आसपास प्रकार, म्हणजे 41 टक्के. अंडर द गनच्या साडेतीन पट. पहिल्या जागेवरून टाकलेली एक्का-सत्ती इथे रेझ करायची, आणि त्यात कसलीही विसंगती नाही.

स्मॉल ब्लाइंड फसवी जागा आहे. मागे एकच माणूस, त्यामुळे मोह होतो. पण फ्लॉपनंतर त्याच्यासमोर दर वेळी तुम्हाला आधी बोलावं लागतं. कटऑफ आणि बटनच्या मधली यादी ठेवा आणि रेझ जरा मोठा, तीन ब्लाइंडचा करा.

नऊ जणांचं टेबल असेल तर सोपा नियम: पहिल्या तीन जागांवर अंडर द गनची यादी आणखी आवळा. छक्की-सत्तीच्या जोड्या, एकरंगी एक्का-चौकी आणि दश्शी-नव्वी, दुरंगी राजा-राणी काढून टाका.

रेझ किती करायचा

टेबल फोल्ड करणारं असेल तर अडीच ब्लाइंड, कॉल करणारं असेल तर तीन ते चार. हात बघून आकडा बदलू नका. मोठ्या जोडीला चार आणि लहानीला दोन असं केलं की तिसऱ्या शनिवारी सगळं टेबल तुमचा हात वाचायला लागतं.

टेबल बघून यादी वाकवा

वरची यादी फोल्ड करू शकणाऱ्या विरोधकांसाठी आहे. आपल्याकडच्या घरगुती टेबलावर, मग ते नौपाड्यातलं असो की खारघरमधलं, 'बघूया तर खरं' म्हणत तीन-चार जण कॉल करतात. तिथे ब्लाइंड तिथल्या तिथे मिळवण्याची वाट बंदच होते. अशा वेळी बटनवरच्या दुरंगी लहान एक्क्यांवर आणि दुरंगी नव्वी-अठ्ठीसारख्या हातांवर फुली मारा. ते हात बहुतेक फोल्ड मिळवूनच जगतात. त्याऐवजी ज्या हातांत मोठी पानं आहेत त्यांवर मोठा रेझ करा. एक्का-राणीवर चार ब्लाइंड टाकले आणि राणी-सत्तीने कॉल केला तर तक्रार कसली करायची? हवं ते हेच होतं.

उलट सगळे घट्ट बसले असतील, रात्र उशिरापर्यंत लांबल्यावर बहुधा असं होतं, तर कटऑफ आणि बटनवरून यादीपेक्षा थोडं जास्त रेझ करा.

आधीच कोणी आत आलं असेल तर

एकाने लिम्प केलं असेल तर तुमच्या नेहमीच्या रेझमध्ये प्रत्येक लिम्परमागे एक ब्लाइंड वाढवा. म्हणजे तीनचा रेझ एका लिम्परसमोर चारचा, दोघांसमोर पाचचा. हात मात्र आपल्या जागेच्या यादीपेक्षा एक घर घट्ट निवडा: बटनवर असाल तर कटऑफची यादी वापरा. लिम्पर पानं टाकणार नाही, पण तुम्ही त्याच्यानंतर बोलणार आणि सरासरीने तुमची पानं बरी असणार.

आधी कोणी रेझ केला असेल तर प्रश्नच बदलला. आता समोरच्याची खुर्ची बघा. अंडर द गनवरून शिस्तीच्या खेळाडूने रेझ केला आणि तुमच्याकडे दुरंगी एक्का-गुलाम आहे, तर टाका. हा हात तुम्ही स्वतः त्या खुर्चीवरून उघडला असता, तरीही टाका. त्याच्या यादीतले एक्का-राजा, एक्का-राणी आणि मोठ्या जोड्या तुम्हाला दाबून बसतात. परत रेझ करायला राण्यांची जोडी, राजे, एक्के आणि एक्का-राजा पुरे. तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल तर त्याच्या रेझच्या तिप्पट, ब्लाइंडमधून असाल तर चौपट. तोच रेझ बटनवरून आला असेल तर त्याच्याकडे 40 टक्के हात असू शकतात. मग ब्लाइंडमधून दश्शी आणि गुलामांची जोडी, एक्का-राणी, एकरंगी एक्का-गुलाम यांवरही परत रेझ योग्य ठरतो.

चिप्स कमी उरल्यावर

20 ब्लाइंडच्या खाली आलात की लहान जोड्या आणि सलग एकरंगी हातांची किंमत घसरते, कारण ते लागले तरी मागे मिळवायला चिप्सच नसतात. मोठ्या पानांची किंमत वाढते. 10 ब्लाइंडच्या आसपास पोचलात तर अडीचचा रेझ करून मग फोल्ड करणं परवडत नाही. ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम) किंवा फोल्ड. टूर्नामेंटमध्ये बिग ब्लाइंडइतका अँटी (ब्लाइंडशिवाय पॉटमध्ये आधीच टाकायच्या जादा चिप्स) असेल तर पॉटमध्ये अडीच ब्लाइंड आधीच पडलेले असतात. तिथे 2.2 चा रेझ बरोबरीत सुटायला 47 टक्केच फोल्ड लागतो, त्यामुळे मागच्या जागांवरून यादी सैल करायला वाव मिळतो.

घरी सराव

एक पत्त्यांचा कॅट आणि यादीचा कागद घ्या. खुर्ची ठरवा, दोन पानं उचला आणि तीन सेकंदांत मोठ्याने बोला: रेझ की फोल्ड. मग कागदाशी ताडून बघा. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये कॅट काढता येत नसेल तर मनात हात घ्या आणि त्याचे प्रकार मोजा. 6, 4, 12 जिभेवर बसतील. सुरुवात अंडर द गनच्या यादीपासूनच करा. ती पक्की झाल्याशिवाय बटनची उघडू नका, कारण सैल होणं आपोआप जमतं, घट्ट राहणं शिकावं लागतं.

टेबलावर बसल्यावर छोट्या वहीत प्रत्येक उघडलेल्या रेझची खुर्ची आणि हात लिहा, फोल्ड केलेल्यांची नुसती रेघ ओढा. एका रात्रीत 40 डाव झाले तर अंडर द गनची खुर्ची तुमच्याकडे सहा-सात वेळाच येते, त्यामुळे एका रात्रीवरून काही ठरवू नका. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी जमल्यावर खुर्चीप्रमाणे टक्के काढा. अंडर द गनवरून 11-12 च्या जागी 20 टक्के दिसले तर वहीतले दुरंगी हात आधी तपासा. राजा-दश्शी, एक्का-नव्वी, राणी-गुलाम यांपैकी काहीतरी तिथे हमखास सापडेल. ते तीन हात कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहा आणि पुढच्या शनिवारी पहिल्या जागेवरून ते आले की टाका.